गळाबंदी

दापोलीच्या डॉक्टरांनी कॅमेरा घशात घातला
आणि पडद्यावर मला माझा आवाज दाखवला :
दोन पांढऱ्या दोऱ्या, कोळंबीच्या सालीसारख्या पातळ,
दोन्हींवर एकेक गाठ.
"लिलाव किती वर्षं करता?"
मी बोटांनी दाखवलं. बोटं पुरली नाहीत.
"दीड महिना एक शब्द नाही. कुजबुजही नाही,
कुजबुजीने जास्त बिघडतं."

तेव्हापासून हर्णैच्या पुळणीवर
माझ्या टपांचा भाव वैजयंता पुकारते.
बरी पुकारते. सुरमईला घाई करते.
बावीसशे म्हणताना तिचा श्वास संपतो
आणि दलाल तेवढ्यात मान फिरवतो.
मी बर्फाच्या गाडीमागे बसते, वहीत आकडे लिहिते,
सुवर्णदुर्गाकडे पाठ करून.

भाचीने, किंजलने, जुना फोन दिला.
इयरफोनचा डावाच कान चालतो.
"फुकट आहे मावशी, पैसे पडत नाहीत,
फक्त मधेमधे जाहिराती सोसायच्या."
मी भजन शोधत होते. बोट ओलं, खारट,
लागलं भलत्याच चौकोनावर.
काळं चित्र. नावाची अक्षरं अशी
की करवंदीच्या जाळीत कुणी शाई सांडली.

आधी वाटलं, कुणाचा हात विंचात गेला.
मी उठून पाहिलं. बैलगाडी पाण्यात पोटापर्यंत,
बैल शांत.
माणूस माझ्या डाव्या कानात होता.
तसं मी एकदाच ओरडले होते,
फयानच्या रात्री, नवऱ्याची बोट दिसेना तेव्हा
(ती दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याला लागली, सगळे जिवंत,
आणि तो मलाच विचारतो, आवाजाला काय झालं तुझ्या?)

गाणं संपलं. एक बाई गोड आवाजात म्हणाली,
घशात खवखव? आजच घ्या.
मी हसले. हसायलाही बंदी होती.

दुसरं. तिसरं. पायांनी वाजवतात म्हणे ते ढोल,
दोन्ही पायांनी, इतक्या घाईत की माझे
अठराशे एकोणीसशे साडेएकोणीसशे दोन हजार
मागे धापा टाकत राहतील.
आणि मग एकदम सगळं जड होतं.
सरतं मागे. थांबतं. आदळतं.
याला ब्रेकडाउन म्हणतात, किंजल म्हणाली.
आमच्यात ब्रेकडाउन म्हणजे मशीन बंद,
बारा वावांवर काळोख,
आणि वायरलेसवर कुणी उचलत नाही.
मी वहीत लिहून दिलं : तेच आहे.

शब्द एकही कळला नाही.
तिने चार ओळी मराठीत उतरवून दिल्या,
काहीतरी आई, काहीतरी पाणी, हाक मारली की मारली नाही.
कागद मी टपाखाली ठेवला. भिजला.

मला एकच विचारायचं होतं.
लिहिलं : याचा घसा फाटत नाही का?
तिने शोधलं. शिकतात ते, म्हणाली.
पोटातून काढतात, बरगड्या उघडून.
खऱ्या दोऱ्यांच्या वर म्हणे खोट्या दोऱ्या असतात,
सगळ्यांनाच असतात, मावशी, तुलाही.
ओरडायचं त्या खोट्यांनी.

सव्वीस वर्षं.
सव्वीस वर्षं मी खऱ्यांनी ओरडले
पापलेटच्या भावासाठी.

काल ओहोटीला, बोटी यायच्या आत,
कनकदुर्गाच्या पायऱ्यांखाली जाऊन
बरगड्यांवर हात ठेवले, सातवं गाणं लावलं
आणि तोंड उघडलं.
आवाज काढला नाही. शपथ.
नुसता आकार, जबडा दुखेपर्यंत.
एक कुत्रा उठून लांब जाऊन बसला.

मधेच जाहिरात.
तोंड तसंच ठेवून मी पडद्यावरचे आकडे पाहत राहिले,
पाच, चार, तीन.
उतरता भाव मी कधी पुकारला नाही.